रस्ता करण्याआधी आमचा उंबरठा मोजा

नागपुरातले रस्ते आखणाऱ्या अभियंत्यांनो आणि ते बांधणाऱ्या कंत्राटदारांनो,

सप्रेम नमस्कार.

मी मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीची तार नव्याने गुंडाळून द्यायचं काम करतो. नाग नदीपासून चालत तीन मिनिटांवर आमची गल्ली आहे. समोर दुकान, मागे राहतं घर. हे घर माझ्या वडिलांनी १९८१ साली बांधलं. तेव्हा समोर मुरमाचा रस्ता होता आणि रस्त्यावरून दारात यायला तीन पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी सात इंचांची, वर शहाबादी फरशी. म्हणजे घराची जमीन रस्त्यापेक्षा एकवीस इंच उंच. वडील काही शिकलेले नव्हते, पण मिस्त्रीला त्यांनी बजावून सांगितलं होतं की नदी जवळ आहे, जोतं कमी करू नको, पैसे कमी पडले तर वरची खोली राहू दे. वरची खोली राहिली ती राहिलीच. जोतं मात्र त्यांनी हवं तेवढं उंच घेतलं.

आज त्या तीन पायऱ्या रस्त्याखाली आहेत. तिसरीचा काठ तेवढा दिसतो. माझ्या घराची जमीन रस्त्यापेक्षा दोन इंच खाली गेली आहे. घर जागचं हललेलं नाही, रस्ता वर आला आहे. पावसाळा लागला की आमच्या घरात काय होतं आणि ते कशामुळे होतं, एवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. तुमच्यावर राग काढायचा असता तर चार ओळीत काढला असता. मला तुमच्याकडून एक काम करून हवं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या रात्रीचं सांगतो, कारण नागपुरात पुराचा विषय निघाला की सगळे तिथूनच सुरुवात करतात.

२०२३ च्या सप्टेंबरची २२ आणि २३ तारखेची रात्र. २२ ला घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्याकडेही दोघी उभ्या होत्या. दिवसभर पुरण, सोळा भाज्या, आंबील, पंगतीवर पंगती. बायको आणि माझी बहीण अकरा वाजता भांडी आवरून निजल्या. रात्री पाऊस सुरू झाला तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, गणपतीत पाऊस येतोच. तीनच्या सुमारास आईने हाक मारली. तिला झोप कमी. "ऊठ बाबू, न्हाणीतून आवाज येऊन राहिला." मी गेलो तर न्हाणीच्या जाळीतून गुडगुड करत काळं पाणी वर येत होतं. लोकांना वाटतं पूर दारातून येतो. नदीकाठच्या घरात तो आधी न्हाणीतून आणि संडासातून येतो. गडर लाईन, म्हणजे मैलापाण्याची लाईन, नदीच्या पाण्याने भरली की ते पाणी उलटं फिरतं आणि सगळ्यात खालचं तोंड शोधतं. आमच्या गल्लीत सगळ्यात खालचं तोंड आमच्याच न्हाणीचं.

मी जाळीवर पाटा ठेवला, पाट्यावर पाण्याने भरलेला गुंड (हंडा) ठेवला. दहा मिनिटांत पुढच्या दाराखालूनही पाणी आलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारच्या काकू जिन्यातून ओरडत होत्या, "भाऊ, सारं राहू दे, पहिले आईले वरते आण." आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी वर नेलं. मेन स्विच बंद केला. मग बायको म्हणाली, महालक्ष्म्या. खाली आलो तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. दोघींच्या जरीच्या साड्यांचे काठ भिजून पाण्यावर पसरले होते, समोरची फुलोऱ्याची परात तरंगत होती. मुखवटे काढून छातीशी धरले आणि वर नेले. त्या वर्षीचं विसर्जन आम्ही शेजाऱ्यांच्या जिन्यात केलं.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी तलाव आधीच भरलेला होता, सांडव्यावरून पाणी धो धो नाग नदीत आलं. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डीचं मोरभवन बसस्थानक, सगळीकडे पाणी. माणसं गेली. एनडीआरएफ आली, सैन्य आलं. दहा हजारांच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचं सरकारकडून सांगण्यात आलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली. तलावाचा बांध, सांडवा, नदीच्या पात्रातली बांधकामं यावर खूप बोललं गेलं आणि ते बोलणं गरजेचंच होतं.

त्या रात्रीचा दोष मी तुमच्या रस्त्याला देत नाही. आमचा रस्ता जुन्या मुरमाच्या पातळीवर असता तरी त्या रात्री घरात पाणी आलंच असतं. नदी मांडीपर्यंत आली तर एकवीस इंचाचं जोतं काय पुरणार? माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या घरात दोन प्रकारचं पाणी येतं. एक नदीचं, एक रस्त्याचं. नदीचं पाणी माझ्या आयुष्यात एकदा आलं. रस्त्याचं पाणी दर पावसाळ्यात येतं आणि त्याबद्दल कुणी याचिका करत नाही, पेपरात फोटो येत नाही, मंत्री येत नाहीत.

हे दोन पाणी वेगळे आहेत हे मला दुकानात कळलं. २३ तारखेनंतरचे पंधरा दिवस माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टिल्लू पंप, वॉशिंग मशीनच्या मोटरी, पिठाच्या गिरणीची पाच हॉर्सपॉवरची मोटर, एका शिलाईवाल्या ताईंच्या चार मशीनच्या मोटरी. उघडलं की आत लोण्यासारखा मऊ गाळ. बेअरिंगमध्ये, वाइंडिंगच्या स्लॉटमध्ये, पंख्याच्या पात्याखाली. तो तलावाचा आणि नदीचा गाळ. वास शेवाळाचा, गडरचा.

नंतर जुलैमध्ये ज्या मोटरी येतात त्यात हा गाळ नसतो. त्यात पांढरट, खरखरीत भुकटी असते आणि वर तेलाचा रंगीत तवंग. बेअरिंग फिरवलं की काचेसारखा करकर आवाज येतो. ती सिमेंट रस्त्याची झिजलेली भुकटी आणि गाड्यांचं ऑइल. ते पाणी नदीतून येत नाही. रस्त्यावर पडतं, रस्त्यावरून वाहतं आणि ज्याचा उंबरठा खाली त्याच्या घरात शिरतं. माझ्या दुकानाच्या वहीत प्रत्येक कामापुढे मोटर कशाने गेली ते मी लिहून ठेवतो. 'जळाली', 'बेअरिंग', 'नदी', 'रस्ता'. 'नदी' हा शब्द त्या एका पंधरवड्यातल्या पानांवर आहे. 'रस्ता' हा शब्द २०१८ पासून दरवर्षीच्या पानांवर आहे.

(जाता जाता वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: भिजलेली मोटर, पंप काहीही असो, पाणी ओसरल्यावर "चालतो का पाहू" म्हणून बटण दाबू नका. निम्म्या मोटरी पाण्याने जात नाहीत, त्या बटणाने जळतात. उघडून स्वच्छ पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उन्हात किंवा बल्बच्या उबेत पूर्ण वाळवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, मग लाईन द्या. एवढं केलं तर पुष्कळ मोटरी वाचतात.)

आता २०१८ चं सांगतो. वडिलांच्या एकवीस इंचांपैकी साडेदहा इंच डांबराने हळूहळू खाल्ले. दर काही वर्षांनी नवा थर यायचा, कधी इंचाचा, कधी दोन इंचांचा, कुणी जुना थर खरवडायचं नाही. पहिली पायरी गेली, दुसरीची अर्धी गेली. तीस-पस्तीस वर्षांत झालेलं म्हणून कुणाला जाणवलं नाही. पाऊस जोराचा झाला तरी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत यायचं आणि तासाभरात जायचं. मग २०१८ च्या उन्हाळ्यात सिमेंट रस्ता झाला. डांबरावरच खाली एक थर, वर जाड काँक्रीट, कडेला गट्टू (पेव्हर ब्लॉक). पंधरा दिवसांत साडेबारा इंच. मी टेपने मोजले आहेत.

त्या वेळी गल्लीत एक तरुण अभियंता पातळी मोजायचं लेव्हल मशीन घेऊन यायचा. पंचविशीतला पोरगा, उन्हात टोपी घालून तीन-तीन तास उभा राहायचा. कामात चोख होता, स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, वाकडा धरला तर मजुराला रागवायचा. मी त्याला रोज ताक द्यायचो. एक दिवस विचारलं, की बाबू, रस्ता आमच्या दारापेक्षा वर जाऊन राहिला, हे तुझ्या नकाशात दिसते का? त्याने मला ड्रॉइंग उघडून दाखवलं. रस्त्याच्या मध्यरेषेची पातळी दर काही मीटरवर लिहिलेली होती. कडेची पातळी होती. चेंबरच्या झाकणांची पातळी होती. घरं नुसत्या चौकोनांनी दाखवली होती. तो म्हणाला, "काका, घराची आरएल घ्यायचं आमच्या कामात नाहीच आहे." आरएल म्हणजे ठरलेल्या खुणेपासून मोजलेली पातळी. त्याने ते लाजून सांगितलं. त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याला जे मोजायला सांगितलं ते त्याने नीट मोजलं.

पण त्या ड्रॉइंगमध्ये माझं घर चौकोन होतं आणि त्या चौकोनाला उंबरठा नव्हता. माझी सगळी तक्रार एवढी आहे.

त्याच वर्षी ६ जुलैला मोठा पाऊस झाला. तुम्हाला आठवत असेल, विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन त्या वर्षी नागपुरात होतं आणि विधानभवनाच्या वीज यंत्रणेच्या खोलीत पाणी शिरून लाईन गेली, कामकाज थांबवावं लागलं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्याच सकाळी आमच्या घरात पहिल्यांदा रस्त्याचं पाणी आलं. नदी तेव्हा आपल्या पात्रात होती. मी स्वतः पुलावर जाऊन पाहून आलो होतो.

आता थोडा हिशेब. हा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो, तरी गल्लीतल्या माणसाला तो कसा दिसतो ते पाहा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. माझ्या घराचं छप्पर हजार चौरस फुटांचं. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, म्हणजे जवळजवळ एक मोठा टँकर. आमची गल्ली तीनशे मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद. त्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पडला तर एक लाख पस्तीस हजार लिटर. साडेतेरा टँकर, तेही आजूबाजूच्या छपरांचं पाणी न धरता. पूर्वी कडेच्या मुरमात, अंगणात, कडुनिंबाच्या आळ्यात काही मुरायचं. आता कडेला गट्टू आहेत आणि त्यांच्याखालीही काँक्रीट आहे. साडेतेरा टँकर कुठेतरी जाणारच. पावसाळी नालीत गेले नाहीत तर माझ्या घरात येणार.

आणि आलेलं जात नाही. ही गोष्ट ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही त्याला कळत नाही. जोतं उंच असलं तर आलेलं पाणी आपणहून उतरतं. जमीन रस्त्यापेक्षा खाली असली की घर परातीसारखं होतं. २३ सप्टेंबरला नदी दुपारपर्यंत उतरली, रस्ता कोरडा झाला, पण आमच्या घरात दोन इंच पाणी तसंच उभं. सहाशे चौरस फुटांत दोन इंच म्हणजे पावणेतीन हजार लिटरच्या वर. घरातले सगळे पंप भिजलेले. पंधरा लिटरच्या बादलीने उपसायचं तर जवळजवळ दोनशे बादल्या. मी, बायको, पोरगा, बहीण, शेजारचे दोन पोट्टे, रात्री नऊपर्यंत आम्ही ते पाणी सुपाने बादलीत आणि बादलीने रस्त्यावर टाकत होतो. पोरगा मध्येच थांबून म्हणाला, "बाबा, आपण घरातलं पाणी चढावर फेकून राहिलो." तोपर्यंत मला तसं कधी वाटलं नव्हतं.

आपलं गाव पाण्याजवळ राहायला घाबरणारं नव्हतं. गोंड राजा बख्त बुलंदशहाने बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसवलं ते नदीच्या काठीच, नाव पडलं तेही नागनदीवरूनच. चांदसुलतानाच्या काळातला जुम्मा तलाव, ज्याला आपण गांधीसागर म्हणतो, अजून जुन्या महाल भागाच्या पायथ्याशी आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव. पश्चिमेला टेकाडं, पूर्वेला उतार. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत पडलेलं पाणी सगळं शहर ओलांडून पूर्वेकडे जातं. गोरेवाड्याकडून पिवळी नदी, दक्षिणेकडून पोहरा, मधून नाग. कन्हानला मिळून ते वैनगंगेत जातं. म्हणजे नागपूर मुळात उतारावरचं गाव. इथे पाणी थांबायला नैसर्गिक कारण फार थोड्या ठिकाणी आहे.

महालातले, इतवारीतले जुने वाडे पाहा. कमरेएवढं जोतं, बाहेर ओटा, ओट्याला पायऱ्या. ते श्रीमंतीसाठी नव्हतं. काळी माती ओली झाली की फुगते, पाणी हळू पिते, चार तासांत शंभर मिलिमीटर पिणं तिला जमत नाही, हे त्या मिस्त्रींना हातांनी माहीत होतं. त्यांनी घर उंच धरलं आणि वाट खाली ठेवली. पाणी वाटेने जायचं, घरं कोरडी राहायची. रस्ता हीच पावसाळ्यातली मोठी नाली होती. आपण वाट घरापेक्षा वर उचलली तेव्हा ती नाली बंद पडली.

तुम्ही म्हणाल, सिमेंट रस्ते लोकांनीच मागितले. खरं आहे. मीही मागितला होता. आमच्या गल्लीच्या अर्जावर माझी सही आहे. दर पावसाळ्यानंतर खड्डे, धूळ, आईचा दमा, गिऱ्हाईक गल्लीत यायला तयार नाही. सिमेंट रस्ता झाल्यापासून खड्डा नाही, हे मी मान्य करतो. सिमेंट नको असं मी म्हणत नाही. आहे त्या पातळीवर सिमेंट घाला एवढंच म्हणतो. जुनं डांबर खरवडून काढायची मशीन आहेत, मोठ्या रस्त्यांवर ती चालताना मी पाहिली आहेत. जुना थर काढा, पाया खोदा, जितकं घालायचं तितकं आधी बाहेर काढा. माझा शेतकरी मामासुद्धा बांधावर माती टाकण्याआधी शेजाऱ्याच्या शेतात पाणी जाईल का ते पाहतो.

आमचीही चूक आहे आणि ती लपवून पत्र लिहिलं तर त्याला काही किंमत नाही. गल्लीत नऊ जणांनी गाडी आत घ्यायला फाटकासमोर सिमेंटचा उतार केला आणि नालीची जाळी त्याखाली बुजवली. दोन घरांनी अंगणाचं पाणी पावसाळी नालीऐवजी गडरमध्ये सोडलं आहे, म्हणून पावसात गडरची झाकणं उडतात. मी स्वतः २०१९ मध्ये दारासमोर सहा इंचांचा कट्टा घातला. माझ्याकडचं पाणी थांबलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांकडे गेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता मला त्यांच्या ओल्या गाद्या दाखवल्या. मी कट्टा फोडला. पण ज्यांच्याकडे पैसे आहेत ते घर पाडून चार फूट वर बांधतात, कुणी जॅक लावून अख्खं घर उचलून घेतं. जो उचलू शकत नाही त्याचं घर गल्लीतला सगळ्यात खोल खड्डा होतं. आता आमच्या रांगेत तीन घरं खड्ड्यात आहेत. एकात विधवा बाई भाड्याने राहतात, एकात ते आजोबा, एकात आम्ही. घर उंचावायला पैसे असलेला माणूस तुमच्या ऑफिसात तक्रार घेऊन यायचं थांबतो. राहतो तो आमच्यासारखा.

म्हणून माझी मागणी. पुढच्या कोणत्याही गल्लीत रस्ता करण्याआधी त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या उंबरठ्याची पातळी घ्या आणि ड्रॉइंगवर लिहा. रस्त्याच्या मध्यरेषेला जसा आकडा असतो तसा प्रत्येक चौकोनाला एक आकडा. तीस घरांच्या गल्लीला अर्धा दिवस लागेल. तो पोरगा तीन-तीन तास उन्हात उभा होताच, त्याला आणखी तीस वेळा स्टाफ धरायला सांगितला असता तर त्याने आनंदाने धरला असता. हे आकडे कागदावर आले की रस्ता कोणत्या घरावर चढतो आहे ते टेबलावरच दिसेल, काँक्रीट पडल्यावर नाही. तो कागद गल्लीच्या कोपऱ्यावर आठवडाभर लावून ठेवा. आम्हाला आरएल कळत नाही असं समजू नका. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला इंच बरोबर कळतो.

नाली आधी करा, रस्ता नंतर. आमच्याकडे उलटं झालं. रस्ता उन्हाळ्यात, नाली दिवाळीनंतर, आणि मधला पावसाळा आम्ही काढला. नालीची तोंडं पाणी जिथे साचतं तिथे ठेवा. आमच्या गल्लीत ती सारख्या अंतरावर ठेवली आहेत, दिसायला सुंदर दिसतात, पण सगळ्यात खोल जागेवर एकही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शहरांतल्या पुरासाठी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मोठ्या नाल्यांमधला गाळ ३१ मार्चच्या आत काढावा असं आहे. आमच्याकडे गाळ काढणारी माणसं रोहिणीचा पाऊस पडायला लागल्यावर येतात, काढलेला गाळ नालीच्या काठावरच ठेवतात आणि मृगाच्या पहिल्या सरीला तो परत आत जातो.

आणि शेवटचं बिल निघण्याआधी एक टँकर मागवा. दहा हजार लिटरचा. गल्लीच्या वरच्या टोकाला उभा करून पूर्ण सोडा आणि पाण्याच्या मागे चालत या. कागदावरचा उतार आणि जमिनीवरचा उतार एक आहे की नाही ते दहा मिनिटांत कळेल. पाणी कुठे थांबतं, कुणाच्या दाराकडे वळतं, जाळीत किती जातं. मी मोटर बांधून झाल्यावर ती चालवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाकडून पैसे घेत नाही. रस्ता तर पाणी वाहून नेण्यासाठीही बांधलेला असतो, तो एकदा पाणी सोडून पाहायला काय हरकत आहे?

जे रस्ते झाले ते फोडा असं मी म्हणणार नाही, एवढा पैसा कुणाकडे नाही. पण खड्ड्यात गेलेल्या घरांची यादी करता येते. त्यांच्या दारासमोर खोल जागेवर एक जादा जाळी, गडरच्या जोडणीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, विजेचं मीटर छातीच्या उंचीवर. मी माझ्या घरी व्हॉल्व्ह बसवला, तेव्हापासून न्हाणीतून पाणी आलं नाही. फार खर्चाचं काम नाही. भाड्याने राहणाऱ्या त्या बाईंना मात्र तो खर्चही घरमालक करू देत नाही आणि स्वतःही करत नाही.

आई आता खालच्या खोलीत झोपत नाही. तिचा पलंग आम्ही दोन-दोन विटांवर ठेवला होता, तरी ती दर पावसात उठून बसायची आणि न्हाणीच्या दिशेने कान द्यायची. गेल्या पावसाळ्यापासून ती शेजारच्या काकूंकडे वर झोपायला जाते. पाच महिने स्वतःच्या घरात न झोपणं या वयात तिला जमवून घ्यावं लागलं आहे. सकाळी जिना उतरताना ती विचारते, "आलं होतं का?" मी नाही म्हटलं की मगच शेवटची पायरी उतरते.

आमच्या मागच्या गल्लीत परवा चुन्याच्या रेषा पडल्या आहेत आणि विजेच्या खांबावर लाल रंगाने बाण काढला आहे. म्हणजे तिथे काम येणार. त्या गल्लीत बावीस घरं आहेत, मी मोजली. सहा घरांना अजून दोन पायऱ्या शिल्लक आहेत, अकरांना एक. पाच घरं आत्ताच रस्त्याच्या बरोबरीने आहेत. काँक्रीटची गाडी येण्याआधी त्यांच्या उंबरठ्यांची पातळी घ्यायची असेल तर माझं दुकान रविवारी बंद असतं. लेव्हल मशीनची तिवई आमच्या ओट्यावर लावा, तिथून दोन्ही गल्ल्या दिसतात. स्टाफ मी धरीन. सुरुवात आमच्या तिसऱ्या पायरीपासून करा, तिचा काठ अजून बाहेर आहे. त्यावर मी टेपने मोजून पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारून ठेवली आहे.

आपला,
नाग नदीकाठचा एक मोटर रिवायंडर